मंडळीचा प्याला

आमच्या देवळात प्रभुभोजनाचा प्याला साऱ्या मंडळीला मिळून एक होता. चांदीचा मुलामा दिलेला, उंच दांड्याचा, कोण्या जुन्या मडमेने विलायतेहून आणलेला. काठाशी मुलामा उडून आतले पितळ दिसे, कारण कित्येक वर्षे ओठ तिथेच लागत होते. आम्ही ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणत असू आणि तिथे जमणाऱ्यांना मंडळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी वेदीपुढच्या कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकायचे. पाळकसाहेब आधी भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवत, मग प्याला ओठांना लावत, फडक्याने काठ पुसत आणि पुढच्याकडे सरकत. एका प्याल्यातून पिणारी माणसे एका शरीराचे अवयव, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले होते.

माझ्या बायकोला मरण्याआधी तो प्याला एकदा सगळ्यांच्या ओळीत बसून हवा होता. त्याची ही हकीकत आहे. या हकीकतीत माझ्यावर अन्याय झाला असे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

त्या वर्षांत नाशकात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी हिंदूंच्या मोठ्या देवळाच्या दाराशी अस्पृश्य मानलेली माणसे बसलेली असत. आम्हाला आत येऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे. आमच्या मंडळीतले शिकलेले लोक उपासना संपल्यावर बाहेर चिंचेखाली उभे राहून त्यावर बोलत आणि शेवटी म्हणत, की आपल्यात हे नाही, देवाची कृपा. ते म्हणतानाचे त्यांचे समाधान मला आवडत नसे. बाजारात जो माणूस माल न दाखवता मालाची खात्री देतो, त्याच्यापासून मी दोन पावले मागे सरकतो.

मी दुष्काळातले पोर. मिशनच्या अनाथालयाच्या दाराशी मला कोणी आणून ठेवले ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे माझी मूळ जात मंडळीत कोणाला सांगता येत नसे, मलाही नाही. मला सुतारकामाला बसवले होते. ते सोडून मी स्टेशनवर पेरूची टोपली घेऊन उभा राहिलो. टोपलीची गाडी झाली, गाडीची वखार झाली. दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या बागा मी घड धरण्याआधीच बोलून ठेवत असे. भाव करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. रागही माझा तसाच होता, आणि खोटे कशाला बोलू, भाव करताना तो उपयोगीच पडे.

शास्त्रातला, म्हणजे आमच्या बायबलातला, मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे अब्राहाम सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करतो तो. पन्नास नीतिमान सापडले तर शहर वाचव, इथून सुरू करून त्याने देवाला दहावर आणले. हा माणूस नक्की बाजारात बसलेला असणार, असे मी एकदा पाळकसाहेबांना म्हणालो. ते हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "शहर तरीही जळालं, बंधू."

बायको दिंडोरीच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरच्यांनी बाप्तिस्मा घेतला तो तिच्या जन्माआधी थोडाच. त्यापूर्वी त्यांना गावच्या विहिरीवर जाता येत नसे. तिची आई दोन्ही हातांची ओंजळ करून पायरीखाली बसे आणि कोणीतरी वरून पाणी ओती. बाप्तिस्म्यानंतरही म्हातारीची ती सवय गेली नव्हती. आमच्याकडे आली म्हणजे पेला समोर ठेवला तरी ती ओंजळ पुढे करी, आणि मग आपली आपणच हसे. बायको मात्र मिशनच्या मुलींच्या शाळेत वाढलेली. शास्त्र वाचणारी, हिशेबी, कमी बोलणारी.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्या घरी होई. मनुका माझ्या वखारीतून, मेहनत तिची. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, पातळ मलमलीतून गाळायच्या. गाळताना ती कोणाशी बोलत नसे. मी मुद्दाम काहीतरी विचारीत असे आणि ती नुसती मान हलवी.

पावसाळा सरता सरता तिला खोकला लागला. आधी धुळीचा म्हणाली, मग थंडीचा. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला आणि गालावर एक प्रकारची लाली, जी पाहून शेजारणी तिला तब्येत सुधारली म्हणू लागल्या. सरकारी डॉक्टरने छातीला नळी लावून ऐकले. तो रोगाचे नाव इंग्रजीत बोलला. मला कळले नाही असे वाटून त्याने ते मराठीत सांगितले. क्षय. मला पहिल्या वेळीच कळले होते.

बातमी मंडळीत कशी पसरली ते विचारू नये. उपासनेत आमच्या बाकावर माणसे जरा अंतर ठेवून बसू लागली. पुढच्या रविवारी ते अंतर वाढले.  सगळे तिची विचारपूस करीत, फक्त दारातून.

मुलांच्या शाळेचे हेडमास्तर आमच्या पंचांचे प्रमुख होते. त्यांचे आजोबा त्र्यंबकच्या बाजूच्या एका ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झाले, हे सांगायला मास्तर कधी विसरत नसत. मंडळीत जात उरत नाही, हे सांगायलाही विसरत नसत. त्यांची बायको गेलेली. एकच मुलगी, मुलींच्या शाळेत शिकवायची, आवाज गोड, गायनात सर्वांच्या पुढे. नगरकडच्या एका पाळकाच्या मुलाशी तिचे जमत आले होते. मास्तर मला सर्वांदेखत 'टोपलीवाले बंधू' म्हणत. ते प्रेमाने म्हणतात, असे पाळकसाहेबांचे मत होते.

पहिला निरोप मास्तरांकडून आला तो रसाचा. बाईंना विश्रांती हवी, तेव्हा यापुढे रस आमच्या घरी होईल, मुलगी येऊन शिकून जाईल. मुलगी आली. पदर खोचून बायकोजवळ चुलीपाशी बसली, मलमल कशी घडी घालून धरायची ते शिकली. दोघींचे चांगले जमले. शिकून झाल्यावरही ती संध्याकाळची येत राहिली. कोणाला न सांगता येत असावी.

दुसरी गोष्ट पंचांच्या बैठकीत ठरली. माझ्या बायकोने प्याला सर्वांच्या शेवटी घ्यावा. मी उठून भांडलो. ते सर्वजण आधीच ठरवून आले होते, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून कळत होते. शेवटी मी म्हणालो, शेवटी बसेल, पण प्याला जसा सर्वांना तसाच तिला, त्यात फरक चालणार नाही. मास्तर ताबडतोब कबूल झाले. समोरचा इतक्या लवकर कबूल झाला म्हणजे आपण कमी मागितले, एवढे मला कळायला हवे होते. घरी येऊन सांगितले तेव्हा ती म्हणाली, "शेवटी तर शेवटी. तिथंही तेच मिळतं."

त्याच महिन्यात प्रभुभोजनाआधी मास्तरांनी उपदेश केला. पाळकसाहेब घसा धरल्याने बसून होते. मास्तरांनी प्रेषिताने करिंथच्या मंडळीला लिहिलेला तो भाग घेतला, ज्यात तो म्हणतो की जो कोणी अयोग्य प्रकारे या भोजनाला बसतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, आणि तुमच्यात कित्येक दुर्बळ आणि आजारी आहेत ते यामुळेच. एवढे वाचून त्यांनी शास्त्र मिटले. प्रत्येकाने आपले अंतःकरण तपासावे, असे म्हणाले. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. बाकी सर्वांनी पाहिले.

 टांग्यातून उतरल्यावर ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि तिने मला विचारले, "माझं काय चुकलं असेल?"

मी मास्तरांना शिव्या दिल्या. तिला त्या नको होत्या. ती खरोखरच विचारीत होती. लहानपणी बोर्डिंगात चोरून खाल्लेल्या गुळापासून ती आपले आयुष्य उलगडत बसली, जसे कोणी वखारीतले सगळे करंडे उपडे करून नासका घड शोधतो. त्या आठवड्यात तिचा ताप वाढला. शास्त्राचे तेच पान उघडे टाकून ती तासन्‌तास बसे. मी ते पुस्तक उचलून ठेवले तर परत काढी.

पुढच्या भोजनाला ती शेवटी कठड्यापाशी गेली, तेव्हा पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला नाही. मास्तर त्यांच्या बाजूला उभे होते. त्यांनी फडक्याखालून एक चमचा काढून पाळकसाहेबांच्या हातात दिला. स्वच्छ, लांब दांडीचा, दवाखान्यात असतो तसा. पाळकसाहेबांनी प्याल्यातून रस घेतला आणि चमचा तिच्या ओठांच्या वर, बराच वर धरला. कुठेही स्पर्श होऊ नये म्हणून.

तिला हे कोणी सांगितले नव्हते. ती चमच्याकडे पाहत राहिली. मग तिचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि त्यांची ओंजळ झाली.

मी तिच्यामागे उभा होतो. तिने ते ठरवून केले नाही, हे मी शपथेवर सांगेन. ती आयुष्यात कधी तसे पाणी प्यायली नव्हती. ते तिच्या आईचे हात होते. पाळकसाहेबांना काय करावे कळेना, आणि त्यांनी चमचा त्या ओंजळीत ओतला. ती खाली वाकून प्यायली. मागच्या बाकांवर खेड्यांतल्या म्हाताऱ्या बसलेल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. एकीने पदर तोंडाला लावला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

घरी येईपर्यंत तिने हात पुसले नाहीत. मांडीवर उताणे ठेवून बसली होती.

"मला एकदा मधे बसून प्यायचंय," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मधे. एकदाच. मग पुन्हा नाही मागायची."

मी तिला शब्द दिला. बाजारात माझा शब्द चालतो, म्हणालो. ती म्हणाली, हा बाजार नाही. मी ते ऐकून घेतले नाही.

मी पाळकसाहेबांना भेटलो. त्यांनी डोळ्यांत पाणी आणले आणि पंचांकडे बोट दाखवले. मी पंचांना भेटलो. त्यांनी मुलाबाळांकडे बोट दाखवले. वखारीतून नाताळच्या सणाला देवळात जाणारी फळे मी बंद केली. त्यांनी फळांशिवाय सण केला. माझ्याकडे जे जे होते ते मी तराजूत टाकून पाहिले, पारडे हलले नाही. ती दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. तिला उचलून टांग्यात बसवताना मला ते कळे.

डॉक्टरने शेळीचे दूध सांगितले होते. माझा धंद्यातला भागीदार एक मुसलमान बागवान होता, भद्रकालीच्या मागे राहणारा, त्याच्या अंगणात शेळ्या होत्या. मी रोज सकाळी उजाडताना तिकडे जाऊन ताजे दूध घेऊन येई. या माणसाच्या घरी माझ्या बायकोचा पेला वेगळा ठेवलेला मी पाहिला नाही, एवढे इथे लिहून ठेवतो.

एके दिवशी मला उशीर झाला. बागवान दारात बसून दात घाशीत होता.

"शेठ, तुमच्या लोकांना माझ्या शेळ्या फारच आवडल्या," तो म्हणाला. "ते तुमचे मास्तर आत्ताच गेले. रोज येतात, तुमच्या आधी. मफलर असा गुंडाळून, फक्त नाक बाहेर. मी म्हटलं, मास्तर, घरी पोचवतो की. तर म्हणाले नको, तेवढंच चालणं होतं."

"कुणासाठी नेतात?"

"पोरीसाठी. ताप येतो म्हणे संध्याकाळचा. नाजूक आहे." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, "का हो, मी काही बोलायचं नव्हतं का?"

तसे काही नाही, मी म्हणालो. दुधाचा लोटा घेऊन चालू लागलो. गंगापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत माझे पाय हलके झाले होते, आणि ते का हलके झाले याची मला लाज वाटली नाही. मग रविवारी मी मास्तरांच्या मुलीकडे नीट पाहिले. गाताना ती मधल्या ओळी सोडून देत होती. गालावर तीच लाली. रुमाल मुठीत चुरगळलेला. भोजनाच्या वेळी ती पहिल्या ओळीत होती. प्याला तिच्या ओठांना लागला, पाळकसाहेबांनी काठ पुसला आणि प्याला पुढे गेला, आणि त्यामागून सारी मंडळी एकेक करून प्यायली, आया, पोरे, म्हातारे. मी ते सर्व पाहत बसलो होतो. ज्या प्याल्याला माझ्या बायकोपासून जपत होते तो हाच.  मी तोंड उघडले नाही. योग्य वेळेआधी तोंड उघडणारा माणूस व्यापारी नव्हे.

पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, जवळ आला तेव्हा एका दुपारी, शाळा सुटल्यावर, मी मास्तरांच्या खोलीत गेलो. ते वह्या तपासत होते. या बंधू, म्हणाले, बसा म्हणाले नाहीत. मी बसलो.

"शेळीचं दूध मानवतंय का मुलीला?"

त्यांनी टाक खाली ठेवला. दूध आपल्याला लागते, पित्तासाठी, असे ते म्हणाले. मी म्हणालो, छान झाले, मग रविवारी मी मंडळीत उठून विचारतो आणि तुम्ही उठून हेच सांगा. खिडकीखाली कोणीतरी झाडीत होते, त्या झाडूचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"काय पाहिजे तुम्हाला?" मास्तरांनी विचारले.

हे वाक्य मी शेकडो माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ते आले की सौदा झाला.

"माझ्या बायकोला प्याला. चमचा नाही. आणि शेवटी नाही, मधल्या ओळीत."

"माझ्या मुलीनं हे तुमच्याच घरून आणलं," ते हळू आवाजात म्हणाले. "चुलीपाशी बसून. मी तिला पाठवायला नको होतं."

"मग एकाच घरचं झालं की. एका प्याल्याला हरकत काय?"

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांना मारले आहे. कदाचित मारलेच होते. तिचे लग्न ठरते आहे, ते म्हणाले, नगरच्या माणसांना कळले तर संपले. मी म्हणालो, तुमच्या मुलीचे मला काही नको, ती पिते तशी पिऊ दे. मंडळीतल्या बाकीच्यांचा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. पण ते कित्येक महिने तिच्यामागून पीतच होते. मी त्यात नवे काही घालत नव्हतो. असा मी हिशेब केला, आणि त्यात मला आजही चूक सापडत नाही.

मास्तरांनी मान हलवली. मी उठलो तेव्हा त्यांनी पुन्हा टाक उचलला होता, पण दौतीत बुडवायचे त्यांना सुचत नव्हते.

सणाच्या आदल्या दुपारी मी बायकोला सांगितले. ती ओसरीवर उन्हाच्या कडेला पांघरूण घेऊन बसली होती, बाहेर ऊन आग ओकत होते तरी. मी सर्व सांगितले, शेळीच्या दुधापासून. ती खूश होईल असे मला वाटले होते.

"त्यांच्यापाशी काय होतं द्यायला?" ती म्हणाली. "प्याला त्यांचा आहे?"

मी म्हणालो, कोणाचाही असो, उद्या तो तुला मिळणार.

"पोरीला माहीत आहे का? तिला काय झालंय ते?"

मला माहीत नव्हते. मी तो विचारच केला नव्हता. ती बराच वेळ खोकत राहिली. मग तिने शास्त्र मांडीवर ओढले आणि तेच पान काढले, ज्याच्या कडा आता मळल्या होत्या.

"मास्तरांनी इथं मिटलं होतं," तिने बोट ठेवले. "इथून पुढं वाचलंच नाही, मागचंही सोडलं होतं. मीही कित्येक दिवस वाचलं नाही, भीतीनं. प्रेषित रागावलाय तो आजारी माणसांवर नाही. त्या मंडळीत पोटभर असलेले आधी येऊन जेवून घ्यायचे, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहायचे. त्यावर रागावलाय. आणि शेवटी काय सांगतो, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढंच." तिने वर पाहिले. "माझं काही चुकलेलं नाही हो. मी सगळं शोधलं."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला वाटले, आता काही अडचण नाही. संध्याकाळी मास्तरांची मुलगी आली, आणि दोघी दिवेलागणीपर्यंत हळू आवाजात बोलत बसल्या होत्या.

सणाला देऊळ भरले होते. मोगऱ्याच्या माळांचा वास आणि उकाडा एकमेकांत मिसळून जीव कोंदत होता. गाणी झाली, उपदेश झाला, मृत्यूवर विजय मिळाला असे सांगून झाले. माझे लक्ष प्याल्यावर होते. मधल्या ओळीला बोलावणे आले तेव्हा मी तिला हाताला धरून नेले. लोक बाजूला झाले, इतके की मधल्या ओळीत आम्हीच दोघे राहिलो. तेवढ्यात मास्तरांची मुलगी पहिल्या बाकावरून उठली. तिची ओळ होऊन गेली होती, पण ती कठड्यापाशी गेली नव्हती, हे मला आत्ता कळले. ती आली आणि माझ्या बायकोच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसली. मास्तर फडके हातात घेऊन कठड्याच्या आत उभे होते. त्यांनी तिला डोळ्यांनी मागे जायला सांगितले. तिने पाहिले नाही.

भाकरी झाली. प्याला आला. पाळकसाहेबांच्या हातात चमचा नव्हता. प्याला माझ्या बायकोच्या ओठांपाशी येऊन थांबला. काठावरचे पितळ मला दिसत होते.

तिने प्याल्याकडे पाहिले, आत रस होता त्याकडे पाहिले. मग तिने उजवा हात वर उचलला आणि तळहात प्याल्याच्या तोंडावर धरला. पंगतीत वाढपी पुन्हा आला म्हणजे पानावर हात आडवा धरतो, तसा. चेहऱ्यावर तसेच हसू.

"माझं झालं, पाळकसाहेब," ती म्हणाली. "भाकरीत सगळं आलं."

पाळकसाहेब थांबले. मग, काहीतरी करायला हवे म्हणून, प्याला घेऊन डावीकडे सरकले. मुलीने आधी माझ्या बायकोकडे पाहिले. मग तिने रुमाल पदरात खोचला, हात पुढे केला आणि प्याल्यावर ठेवला. तिचा हात इतका थरथरत होता की बोटातली अंगठी प्याल्याच्या काठावर वाजली.

तो आवाज सर्वांना ऐकू गेला. मग हळूहळू मागच्या बाकांवरून एक हालचाल पुढे येऊ लागली. बायका पोरांना जवळ ओढत होत्या. कोणीतरी मधेच ओठ पुसले. ते पाहून शेजारच्याने पुसले. मास्तर फडके हातात धरून उभे होते आणि त्यांना ते कुठे ठेवावे कळत नव्हते.

प्याला माझ्याकडे आला. मी प्यालो. इतका राग आला होता मला, की चव लागली नाही.

टांग्यात बसल्याबरोबर मी सुरू झालो. महिनोन्‌महिने माणसांच्या दाराशी उभा राहिलो, एका माणसाची मान पिरगाळली, आणि हातात आलेली वस्तू तू परत केलीस. ती ऐकत होती. घोडा चढावर मंद झाला तेव्हा म्हणाली, "आला होता ना माझ्यापर्यंत? मधे बसले होते ना? मग झालं." आणि नंतर, "ते सगळे घाबरलेत हो. त्यांची भीती जाईपर्यंत मी थांबते. मला घाई नाही."

घाई तिला नव्हती, पण दिवस थोडे होते आणि ते तिला ठाऊक होते. नगरच्या माणसांनी महिन्याच्या आत लग्न मोडले. मास्तरांनी पंचांतून नाव काढून घेतले. उन्हाळा चढत गेला तसतशी मंडळीतल्या आणखी घरांची नावे हळू आवाजात घेतली जाऊ लागली, आणि पुढच्या पहिल्या रविवारी कठड्यापाशी फार थोडी माणसे आली. बाकीचे जागेवर बसून एकमेकांचा खोकला ऐकत होते. बायको गेली ती पाऊस पडायच्या आत. त्यानंतर प्याला कपाटात गेला आणि पुष्कळ दिवस बाहेर आला नाही. लोक म्हणाले, हे सगळे टोपलीवाल्याने केले. 

पण ती असतानाचीच एक दुपार सांगायची राहिली. सणाच्या नंतरची. मी वखारीतून जेवायला घरी आलो तर फाटकाबाहेर मास्तर उभे. डोक्यावर ऊन, हातात शेळीच्या दुधाचा लोटा, वर केळीचे पान बांधलेले. मुलगी आत आली आहे, म्हणाले. रोज येते म्हणते, माझ्याशी बोलत नाही. तिचे दूध घ्यायचे राहिले होते ते घेऊन आलो.

मी फाटक उघडले, आत आलो आणि मागे लावून घेतले. लोटा त्यांच्या हातातून घेतला नाही. त्यांना आत या म्हटले नाही. त्यांनीही विचारले नाही. लिंबाची सावली दोन पावलांवर होती, पण ती फाटकाच्या आतल्या बाजूला पडत होती.

ओसरीवरून दोघींचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. कोणीतरी हसले. मग खोकल्याची उबळ आली, लांबलचक, जीव घेणारी. मास्तरांनी फाटकाची सळई धरली. मीही जागीच थांबलो होतो. ती उबळ दोघींपैकी कोणाची, ते आम्हा दोघांनाही कळले नाही.